मराठवाड्यात ऑडी टीटी : आठ महिने आणि एक येळवस

जूनमध्ये पुण्याहून सेकंडहँड ऑडी टीटी आणली. बसकी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी. 2016 चं मॉडेल, पेट्रोल, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. वाळूजला माझं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. वीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पत्रे दाबले, आता एक गाडी निव्वळ हौसेची, एवढाच हिशेब. वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "ह्यात सोयाबीनचं एक कट्टं तरी बसतंय का?" त्याचं उत्तर पुढे येईल.

आमच्या संभाजीनगरला महागड्या गाड्यांचं फार अप्रूप नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या मंडळींनी मिळून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, तो विषय अजून चहावर निघतो. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात. टीटी मात्र तिथली नव्हे, ती हंगेरीतल्या ग्योरहून तयार होऊनच यायची. हे मॉडेल 2015 मध्ये भारतात आलं तेव्हा एक्स-शोरूम किंमतच 60 लाखांच्या वर होती. नोव्हेंबर 2023 मध्ये शेवटची टीटी बनली, त्यामुळे आहे ती जपायची, असं मी ठरवलं आणि पहिले काही महिने नको तितकी जपली. रविवारी पहाटे दौलताबादचा घाट, परत आलं की कव्हर. दोनदा बॅटरी उतरली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, येळवशीला हीच काढा, नाहीतर विकून टाका."

माझी सासरवाडी औशाजवळ. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या असते; शेतात पूजा आणि तिथेच जेवण. त्या दिवशी गावं ओस आणि शेतं भरलेली. जाताना बीड, येरमाळा, तुळजापूर, आणि येताना लातूर, अंबाजोगाई, केज असा बेत केला. चार दिवसांचा.

सोलापूर महामार्गाबद्दल फार लिहीत नाही. पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, सगळं चौपदरी आहे आणि 90-100 च्या वेगात गाडी रस्त्याला चिकटून जाते. मला धास्ती होती ती पाठीची. चार तास बसून उतरलो तर पाठीने कुरकुर केली नाही. सीट कडक आहे, पण मांडीखाली आधार नीट मिळतो. एसीची बटणं थेट झरोक्यांच्या मधोमध आहेत; बायकोला गाडीतली तेवढी एकच गोष्ट मनापासून आवडते.

खरी मजा मांजरसुंब्याच्या घाटात आली. 230 अश्वशक्तीचं इंजिन म्हटल्यावर लोकांना वाटतं, ताशी 200 ने पळवायची. मी तिथे 50-60 ला होतो. वळणात स्टिअरिंग किंचित फिरवलं की गाडीचं नाक लगेच आत वळतं, मागचा भाग डुलत नाही, आणि वळण संपताना पाय दाबला की चारही चाकं मिळून ओढतात. त्या दोन-चार वळणांत पैसे वसूल झाले. बायकोच्या मते व्याज अजून बाकी आहे.

चौसाळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तर एक ट्रॅक्टरवाला खरंच काळजीने जवळ आला. "मालक, पाटं तुटलं का काय? लईच बसलीया की." गाडी अशीच असते हे काही त्याला पटलं नाही. जाताना म्हणाला, "तरी एकदा दाखवून घ्या."

त्याचं फार चुकत नव्हतं. आपल्याकडे अशा गाडीला लांब पल्ला जड जात नाही, जड जातं ते खालचं अंतर. महामार्ग सोडला की काळ्या मातीचं राज्य सुरू होतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं डांबर तिच्यामागे लाटा घेतं. उंच गाडीत बसलेल्याला नुसता झोका मिळतो. टीटीत मात्र लाटेच्या तळाशी नाक खाली जातं आणि पोटाखालचं प्लास्टिक घासल्याचा आवाज येतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दहा मिनिटं गाडी बाजूला लावून नुसता बसलो होतो. आता वेग आधीच उतरवतो आणि लाटेत ब्रेक लावत नाही. ब्रेक लावला की नाक आणखी खाली जातं.

गतिरोधकांचं वेगळंच शास्त्र आहे. पट्टे नाहीत, फलक नाही, शाळा किंवा मंदिर दिसलं की समजून घ्यायचं. गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं, मागच्याने हॉर्न वाजवला तरी घाई करायची नाही. गावातल्या लोकांनी स्वतःच माती घालून केलेले जे असतात, तिथे बायको उतरते. तेवढ्यानेही फरक पडतो. (हे वाक्य तिने वाचलं आहे.)

तुळजापूरला दर्शन, उजनीला बासुंदी, दुपारी सासरवाडी. दुसऱ्या दिवशी येळवस. गाडी डांबरी सडकेवर शाळेजवळ लावली, पुढचा पाणंद रस्ता बघून सासरे स्वतःच म्हणाले, "जावईबापू, हितंच राहू द्या. ट्रॉलीत बसा." सासूबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि आंबील शिंपडायला हात वर केला. आंबट ताक आणि माझा रंग! पण येळवशीला सासूबाईंचा हात कोण धरणार? तोंडातून शब्द काढला नाही. नंतर गुपचूप बाटलीभर पाणी ओतून पुसून घेतलं. पुढे कडब्याच्या कोपीत भज्जी, उंडे, आंबील. तीन तास गाडीची आठवणही आली नाही.

आठवण आली ती तिसऱ्या दिवशी, लातूरच्या वाटेवर. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मी डावीकडे सरकलो, डांबराची कड वीतभर खाली होती. टायरची बाजू फाटली. टायरचं माप 245/40 आर 18, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबर फक्त 98 मिलिमीटर. माझ्या गाडीत स्टेपनी नाही, पंक्चरचं द्रव भरायचं किट आहे, पण बाजू फाटल्यावर ते काय कामाचं? गाडी सपाट ट्रकवर चढवून लातूरला नेली. ते माप तिथे मिळालं नाही, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवलं. दुकानदार म्हणे, "एकच टाका की, काय होतंय?" चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक टायर कोरा आणि बाकीचे झिजलेले असं चालत नाही, चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ताकद वाटणाऱ्या क्लचला त्रास होतो. म्हणून चारही बदलले. एक रात्र लॉजवर गेली, चार दिवसांचे पाच झाले. त्या दिवसापासून मागे एक टायर आडवा टाकल्याशिवाय मी जिल्ह्याबाहेर जात नाही. बदलता येत नाही तर नाही, निदान मागवावा तरी लागत नाही.

ऊस गाळपाच्या दिवसांत अंधार पडल्यावर ही गाडी रस्त्यावर नको. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, बैलगाडीला तर नसतोच, आणि आपण इतके खाली बसलेलो असतो की लोंबणारा ऊस थेट काचेसमोर येतो.

मायलेज : महामार्गावर मला 13 च्या वर मिळालं, आडरस्त्याला 9. जिथे 95 ऑक्टेनचं पेट्रोल मिळेल तिथे टाकी भरून घेतो. मागची सीट नावाला आहे. तिथे माणूस बसवणं म्हणजे भांडण विकत घेणं. पण ती आडवी केली की जागा बरीच होते. येताना सासऱ्यांनी ज्वारीचं 50 किलोचं कट्टं, तुरीची एक पिशवी आणि बासुंदीचा डबा दिला. सगळं बसलं. घरी आल्यावर मी डिकी उघडून वडिलांना हाक मारली. त्यांनी कट्ट्यावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "हे ज्वारीचं झालं. सोयाबीनचं विचारलं होतं."

आठ महिन्यांत साडेनऊ हजार किलोमीटर झाले, त्यातले बहुतेक त्या फेरीनंतरचे. बॅटरी पुन्हा उतरली नाही. कव्हर माळ्यावर आहे.

मागच्या आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. पाणंद रस्त्यावर मुरूम पडलाय, पुढच्या येळवशीला गाडी थेट शेतात आणा म्हणाले. मी होय म्हटलंय. पण मुरमावरून एक पावसाळा जाऊ दे, मग बघू.