जंगलाचं मोल: तिकिटावरून की विचारून?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं मोल रुपयांत काढायचं, तर दोन वाटा आहेत.

एक प्रवासखर्चाची. कल्पना अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांची, १९४७ सालची. कोण कुठून आला, लोकल-रिक्षाला किती गेले, किती वेळ मोडला, यावरून हिशेब मांडायचा. पैसे खरेच खर्च झालेले, त्यामुळे थापांना वाव कमी. पण उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांची पायरी न चढलेला माणूस इथे शून्य. विहार-तुळशी तलावांचं पाणी पिणारा, तिकडे कधीच न फिरकलेला मुंबईकरही शून्यच!

दुसरी सर्वेक्षणाची. "हे जंगल टिकावं म्हणून वर्षाला इतके रुपये द्याल का?" यात घरी बसलेल्याची आस्थाही मोजली जाते. धोका उघड आहे: बोलाचीच कढी. सोसायटीची वर्गणी गोळा केलेल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय गरिबाचा आकडा लहान निघतो, म्हणून त्याची ओढ लहान ठरते का?

१९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा नुकसान मोजताना सर्वेक्षणाच्या या पद्धतीवरून मोठा वाद झाला. १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने पथ्यं सांगितली. "किती द्याल?" असं मोघम विचारू नका, ठरावीक रकमेवर हो-नाही घ्या. समोरासमोर विचारा. आणि तेवढे पैसे इतर खर्चाला उरणार नाहीत, याची आठवण करून द्या.

ही पथ्यं पाळली, तर मी सर्वेक्षणाच्या बाजूने. बिबट्या कुणाकडे तिकीट मागत नाही.