ताईच्या हातात टिकलेली पुस्तकं

माझ्या थोरल्या बहिणीने तीस वर्षं प्रुफं वाचली. दुसऱ्यांची पुस्तकं छापून येण्याआधी ती अक्षर न् अक्षर तपासायची. त्यामुळे एखादी कादंबरी तिच्या मनाला येणं आता फार अवघड झालंय. पुस्तक उघडते, विसाव्या-पंचविसाव्या पानावर थांबते, मिटून ठेवते आणि म्हणते, "पुढचं कळलं." तिने सोडलेली काही पुस्तकं मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचून पाहिली. तिला कळलेलं बहुतेक वेळा बरोबर निघालं. निवृत्त झाल्यावर तर तिने कादंबऱ्यांचं नावच टाकलं. उशाशी शब्दकोश ठेवायची आणि झोप येईपर्यंत त्यातली दोन-चार पानं वाचायची. इतक्या चांगल्या वाचकाची नजर अशी नुसती पडून राहिलेली मला बघवेना.

सगळे तिला हलकंफुलकं काहीतरी सुचवायचे. सुरुवात तर कर, आपोआप गोडी लागेल, असं म्हणायचे. मला ते पटत नव्हतं. त्या पुस्तकांत तिच्यासाठी कामच उरलेलं नसायचं, सगळं आयतं वाढलेलं असायचं. म्हणून गेल्या वर्षभरात मी तिला अवघड म्हणून नाव झालेली पुस्तकं एकेक करून दिली. कोणतं पुस्तक, कोणत्या आवृत्तीत आणि काय सांगून दिलं, ते इथे लिहिते. तुमच्या घरी असा चोखंदळ वाचक असेल तर निवडताना उपयोग होईल.

सुरुवात केली 'पेद्रो पारामो'ने. मेक्सिकोचे लेखक हुआन रुल्फो यांची ही कादंबरी १९५५ ची. पुस्तक इतकं बारीक की हातात घेतल्यावर कुणाला अवघड वाटणार नाही. एक तरुण मरणाऱ्या आईला दिलेला शब्द पाळायला, कधी न पाहिलेल्या बापाच्या शोधात कोमाला नावाच्या गावी जातो, एवढी गोष्ट पहिल्या पानावरच कळते. पण पुढे प्रकरणं नाहीत, आकडे नाहीत. दोन परिच्छेदांत मोकळी जागा सोडलेली आणि त्या जागेनंतर कोण बोलतंय, कोणत्या काळातलं बोलतंय, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पुस्तकाच्या मधोमध एक गोष्ट उघड होते. ती मी सांगणार नाही, आणि तुम्हीही देताना सांगू नका. मलपृष्ठावर सांगून टाकली असेल तर त्यावर कागदाचं कव्हर घाला. मी खरंच घातलं होतं.

ताईचा फोन तिसऱ्या दिवशी आला. ती म्हणाली, "मधे आल्यावर मी मागे गेले. पहिली वीस पानं परत वाचली. त्याने काही लपवलेलं नाही गं. सगळं समोरच होतं, मलाच दिसलं नाही." 'मलाच दिसलं नाही' हे शब्द मी तिच्या तोंडून पुस्तकाबद्दल पहिल्यांदा ऐकले. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना हे पुस्तक त्यांचे मित्र आल्वारो मुतिस यांनी आणून दिलं होतं आणि त्या रात्री दोनदा वाचून होईपर्यंत झोप लागली नाही, असं मार्केस यांनीच सांगितलंय. मला त्यात मुतिस यांचं कौतुक जास्त वाटतं. योग्य माणसाला योग्य वेळी पुस्तक नेऊन द्यायचं म्हणजे ते पुस्तक आणि तो माणूस, दोन्ही नीट माहीत असावे लागतात. मी दिला तो मार्गारेट सेयर्स पेडेन यांचा १९९४ चा इंग्रजी अनुवाद. २०२३ मध्ये डग्लस वेदरफर्ड यांचाही आलाय. पण पेडेन यांची वाक्यं कोरडी आणि आखूड आहेत, ती या गावाला शोभतात.

पहिलंच पुस्तक असं लागू पडल्यावर माझा हुरूप वाढला आणि लगेच चूक केली. जेम्स जॉइस यांचं 'युलिसिस' दिलं. नुसतं पुस्तक नाही, सोबत त्याच्यापेक्षा जाड मार्गदर्शिका. १९२२ चं पुस्तक, अठरा भाग, १६ जून १९०४ या एकाच दिवसाची हकिकत. ताई तिसऱ्या भागात, समुद्रकाठी चालत जाणाऱ्या त्या तरुणाच्या डोक्यातल्या विचारांपाशी थांबली. बहुतेकांचं तिथेच थांबतं. "हा मला परीक्षेला बसवतोय," म्हणाली आणि दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून परत पाठवली. तिला दोष देता येणार नाही. मार्गदर्शिका हातात देणं म्हणजे तुला एकटीला जमणार नाही, असं सांगण्यासारखंच होतं.

दोन महिन्यांनी मी ते परत पाठवलं, या वेळी एकटंच. आत चिठ्ठी घातली, "चौथ्या भागापासून वाच. मांजराकडे लक्ष दे." चौथ्या भागात कादंबरीचा नायक ब्लूम सकाळी स्वयंपाकघरात न्याहारीची तयारी करत असतो आणि मांजर पायात घोटाळत असतं. ते तीनदा ओरडतं आणि तिन्ही वेळा त्याच्या आवाजाची अक्षरं वेगळी आहेत. दुसऱ्यांदा एक 'आर' वाढतो, तिसऱ्यांदा आणखी एक. भूक वाढते तसं स्पेलिंग लांबत जातं. तीस वर्षं स्पेलिंगं सरळ करत आलेल्या बाईला हे दाखवायलाच हवं होतं. पहिल्या आवृत्तीची जुळणी फ्रान्समधल्या कामगारांनी केली होती, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि पुस्तकात छपाईच्या चुका भरमसाट राहिल्या, हे मी तिला फोनवर सांगितलं. त्यावर तिने विचारलं, "मग मांजराची ही चूक नाही हे त्यांना कसं कळलं असेल?" १९८४ मध्ये हान्स वाल्टर गाबलर यांनी सुधारून काढलेल्या आवृत्तीवरही अभ्यासकांत वाद झाले, ते तिच्या या प्रश्नासारख्याच प्रश्नांवरून. ताईचं 'युलिसिस' अजून पुरं झालेलं नाही. पण आता ते तिच्या घरी आहे.

सगळ्यांत खोल उतरलं ते व्हर्जिनिया वुल्फ यांचं 'टु द लाइटहाउस'. सन १९२७. इथे गुंतागुंत कथानकात नाहीच. पहिल्या भागात समुद्रकाठच्या घरातली एक दुपार आणि संध्याकाळ आहे आणि ती शंभराहून जास्त पानं चालते. मग मधला छोटा भाग येतो आणि वीसेक पानांत दहा वर्षं निघून जातात. घर रिकामं पडतं, वारा आत शिरतो, पुस्तकांना बुरशी चढते. आणि ज्या बाईभोवती पहिला भाग सगळा फिरत होता त्या मिसेस रॅमझे जातात, त्या एका वाक्यात, तेही चौकोनी कंसात. वाक्याचा कर्ताही त्या नाहीत. पहाटेच्या अंधारात नवरा हात पुढे करतो आणि हात रिकामेच राहतात, कारण ती आदल्या रात्री गेलेली असते. पुढे मुलीचा आणि मुलाचा मृत्यूही असाच कंसात येतो. हे मी आधी सांगते आहे, कारण माहीत असूनही ते वाक्य आलं की धक्का बसतोच. मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हाही बसला.

ते पान ताईने मला समोर बसवून दाखवलं. कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो, त्यावर बोट ठेवलं. "चौकोनी कंस आम्ही कशाला वापरायचो माहितेय? मूळ मजकुरात नसलेलं, संपादकाने घातलेलं काही असलं की चौकोनी कंस. लेखकाचे शब्द नव्हेत, बाहेरून कुणीतरी भर घातलीय." आणि मग बराच वेळ ती गप्प बसली. मरण असं बाहेरून, दुसऱ्याच हाताने मजकुरात घुसवलं जातं, हे मी इतक्या वाचनांत पाहिलं नव्हतं. या कादंबरीवरचं पुष्कळ लेखन मी वाचलंय. त्या कंसावर ताईने ठेवलेलं बोट मला त्या सगळ्यापेक्षा जास्त शिकवून गेलं.

मग नाबोकोव्ह यांचं 'पेल फायर', १९६२. जॉन शेड या कवीची ९९९ ओळींची कविता आणि तिच्यावर किनबोट नावाच्या शेजाऱ्याने लिहिलेली प्रस्तावना, टीपा आणि सूची. कवी आणि टीपाकार दोघेही लेखकाने रचलेले. टीपा कवितेला सोडून किनबोटच्या झेम्बला नावाच्या देशाकडे आणि तिथून पळून आलेल्या राजाकडे वळतात, आणि कादंबरी घडते ती कविता आणि टीपा यांच्यामधल्या फटीत. किनबोट प्रस्तावनेतच सांगतो की मागेपुढे पानं उलटण्याचा त्रास नको असेल तर दोन प्रती घ्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. मी एकच प्रत दिली आणि दोन रंगांच्या फिती दिल्या. हे पुस्तक कागदावरच घ्यावं. पडद्यावर टीप आणि ओळ यांच्यात ये-जा करताना बोटांना जागा सापडत नाही.

ताईने वाचायला सुरुवात कुठून करावी? सूचीपासून! जुनी सवय. सूचीत राजमुकुटाच्या रत्नांची नोंद आहे, तिथे लिहिलंय की लपवण्याची जागा पाहा. तिथे गेलं की एक परका शब्द पाहा म्हणतो, त्या शब्दाशी गेलं की आणखी एक, आणि त्याच्याकडे गेलं की तो म्हणतो, राजमुकुटाची रत्नं पाहा. ताईने बोट फिरवत ही प्रदक्षिणा पुरी केली आणि मोठ्यांदा हसली. सूचीतल्या अशा चकरा तिने कामात असताना किती वेळा पकडून दुरुस्त केल्या असतील! इथे तीच चकरी लेखकाने मुद्दाम ठेवलेली. कवितेची हजारावी ओळ लिहायची राहिलीय आणि किनबोटच्या मते ती म्हणजे पुन्हा पहिलीच ओळ, हे तिने यमक जुळवून तपासलं आणि जुळतं म्हणून सांगितलं. तरी किनबोटवर तिचा विश्वास नाही. "ज्याला जे हवंय तेच त्याला सापडतं," म्हणाली.

कवितेच्या बाबतीत मी जपून होते. 'भिजकी वही' तिच्याकडे आधीपासून होती, अरुण कोलटकरांची, २००३ ची. प्राचीन अलेक्झांड्रियातल्या गणिती हिपेशियापासून रशियातल्या नादेझ्दा मांडेलस्टामपर्यंत किती काळांतल्या, किती देशांतल्या बायका त्यात येतात, आणि संदर्भ माहीत नसले तरी आवाज कळतो. नादेझ्दांनी नवऱ्याच्या, म्हणजे कवी ओसिप मांडेलस्टाम यांच्या, कविता पाठ करून जिवंत ठेवल्या, कारण कागद घरात ठेवणं धोक्याचं होतं. ताई त्या पुस्तकाकडे दरवर्षी एकदा जाते, मी सांगायची गरज नव्हती.

मी दिली ती अमेरिकेची कवयित्री एमिली डिकिन्सन. निवड आवृत्तीची होती आणि तिथे खरोखर विचार करावा लागला. या बाईंनी अठराशेच्या आसपास कविता लिहिल्या आणि १८८६ मध्ये त्या गेल्या, तोवर छापून आल्या होत्या जेमतेम दहा. त्यानंतर संपादकांनी पुस्तकं काढली, त्यात ओळींमधल्या आडव्या रेघा पुसल्या, कवितांना नावं दिली, शब्द बदलले. मरणाच्या क्षणी खोलीत घोंगावणाऱ्या माशीची कविता घ्या. मूळ कवितेत 'रूम' आणि 'स्टॉर्म' असं अर्धवट जुळणारं यमक आहे. १८९६ च्या पुस्तकात यमक सारखं व्हावं म्हणून 'रूम'चं 'फॉर्म' केलं. खोलीतली शांतता गेली आणि देहाभोवतीची शांतता आली. मरणाऱ्या माणसाभोवतीची ती खोलीच पुसली गेली, आणि माशीला यायला जागा हवी तर खोलीतच हवी ना!

दोन्ही पाठ मी ताईला शेजारी शेजारी लिहून दिले. ती चिडली. खरोखर चिडली, आवाज चढला तिचा. "आम्हाला पहिला धडा हाच होता. चूक दिसली तर आधी विचारायचं, ही चूक आहे की लेखकाची मर्जी? आणि विचारायला माणूस नसेल तर हात लावायचा नाही."

टॉमस जॉन्सन यांनी १९५५ मध्ये त्या रेघा आणि मूळ शब्द परत आणले. मी मात्र तिला क्रिस्टन मिलर यांची २०१६ ची आवृत्ती घेतली, कारण कवयित्रीने स्वतः शिवलेल्या वह्यांच्या क्रमाने त्यात कविता आहेत आणि जिथे तिने एका शब्दाला पर्याय लिहून ठेवले, कुठला ते ठरवलं नाही, तिथे ते पर्याय समासात छापलेत. ताईच्या भाषेत पाठभेद, आणि तेही कवीच्याच हाताचे. नव्या वाचकाला हा ग्रंथ देऊ नका, जड आहे आणि कुठूनही सुरुवात केली तरी बुडल्यासारखं होतं. त्याला चार कविता निवडून द्या. पण ज्याला प्रत्येक शब्दाशी भांडायची सवय आहे त्याच्यासाठी याहून चांगली आवृत्ती मी पाहिलेली नाही. छपाई स्वच्छ आहे, समासही पेन्सिल टेकवता येईल इतका मोकळा.

परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. एक कविता वाचून दाखवली. मग तीच कविता समासातला दुसरा शब्द घालून परत वाचली. मग पुन्हा पहिला. मी विचारलं, कुठला ठेवशील?

"अजून ठरत नाही," ती म्हणाली. "पुस्तक एवढ्यात परत मागू नकोस."