दातावर खडा बसवायचाय? आधी माझ्या बहिणीचं काय झालं ते वाचा

लग्नसराई तोंडावर आली की इन्स्टावर टूथ जेमच्या रील्सचा नुसता पाऊस पडतो. हसताना सुळ्यावर चमकणारा खडा, मागे गाणं आणि खाली लिहिलेलं, पेनलेस, झिरो डॅमेज, डेंटल ग्रेड, ७९९ पासून पुढे. माझ्या धाकट्या बहिणीला याच शब्दांनी फसवलंय. पैसे गेले ते गेलेच, पण दाताचा टवका उडालाय आणि तो काही परत येणार नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलं-मुली आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

चुलतबहिणीच्या हळदीच्या आधी हे झालं. अंधेरी वेस्टला एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर नेल स्टुडिओ आहे, नाव देत नाहीये कारण तक्रार चालू आहे, आणि तसंही असे स्टुडिओ आता बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत गल्लोगल्ली झालेत, एकाचं नाव घेऊन काही होणार नाही. बुकिंगला ५०० रुपये अ‍ॅडव्हान्स घेतले, क्यूआर स्टुडिओच्या नावाचा नव्हताच, कुणाच्या तरी पर्सनल खात्याचा होता. तिथे गेल्यावर सांगितलं की ७९९ वाला बेसिक खडा लगेच पडतो, टिकायला हवा असेल तर डेंटल ग्रेड ग्लू आणि ओरिजिनल स्वारोव्स्की घ्या, एका खड्याचे २,२००. दोन खडे आणि वर आफ्टरकेअर किटचे ६०० असे मिळून ५,००० झाले. किट म्हणजे एक छोटा माउथवॉश आणि एक टूथब्रश. बिल मागितलं तर खडा लावणारी मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते म्हणाली, ते आजपर्यंत आलेलं नाही. भिंतीवर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं म्हणून बहिणीचा विश्वास बसला, नंतर फोटो झूम करून बघितला तर ते दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं, बाहेरच्या कुठल्यातरी ब्यूटी अ‍ॅकॅडमीचं निघालं.

बहिणीच्या मैत्रिणीने रीलसाठी सगळा व्हिडिओ काढून ठेवला होता ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, कारण त्यामुळे नक्की काय केलं ते मला आणि नंतर डॉक्टरांना थांबवून थांबवून बघता आलं. स्टुडिओतल्या त्या मुलीच्या हातात ग्लोव्हज आहेत, पण त्याच ग्लोव्हजने ती मध्येच फोन उचलते आणि परत तोच हात तोंडात. ओठ बाजूला धरायचं ते प्लास्टिकचं रिट्रॅक्टर नाही, कापसाचे बोळे नाहीत, एका टिश्यूने दात पुसला आणि झालं. मग झाकणालाच ब्रश असलेली एक इवलीशी बाटली उघडली, त्यातला थेंब दातावर लावला, नखांवर चिकटवायचे खडे असतात त्याच डबीतून मेणाच्या टोकाच्या पेन्सिलीने खडा उचलला, दाबला आणि वरून जांभळ्या उजेडाचा छोटा नेल लॅम्प धरला. डोळ्यांना चष्मा दोघींनाही नाही. पाच-सात मिनिटांत काम संपलं.

आता हे बरोबर कसं करतात ते आमच्या भांडुपच्या दातांच्या डॉक्टर बाईंनी समजावलं, ते नीट वाचा कारण सगळी फसवणूक यातच आहे. दाताच्या बाहेरचं इनॅमल गुळगुळीत असतं, त्यावर काहीही पक्कं चिकटत नाही. म्हणून आधी दात स्वच्छ करून, थुंकी लागणार नाही असा कोरडा ठेवून, त्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा जेल १५ ते ३० सेकंद लावतात, याला एचिंग म्हणतात. त्याने इनॅमल सूक्ष्म खडबडीत होतं, धुऊन वाळवल्यावर दात तेवढ्या जागी खडूसारखा पांढरा दिसतो. मग बाँडिंग म्हणजे चिकटवायचा पातळ थर, मग दात भरायला वापरतात तसलं पातळ कंपोझिट, त्यात खडा बसवायचा आणि निळ्या क्युरिंग लाइटने कंपोझिट कडक करायचं. ही एचिंगची पद्धत मायकेल बुओनोकोर नावाच्या डेंटिस्टने १९५५ मध्ये मांडली आणि आज ब्रेसेसचे ब्रॅकेट्सही असेच लावतात.

म्हणजे बघा, खडा नीट टिकवायचा तर अ‍ॅसिड लावावंच लागतं. मग 'नो अ‍ॅसिड, झिरो डॅमेज' असं जो सांगतो तो खडा कशाने चिकटवतो? ग्लूने. आणि जो अ‍ॅसिड लावतो म्हणतो पण डेंटिस्ट नाही, तो शिकलेला नसताना दातावर आणि हिरडीशेजारी अ‍ॅसिड लावतोय, किती वेळ ठेवायचं, हिरडी कशी वाचवायची, आधीच कीड असलेला दात कसा ओळखायचा यातलं त्याला काय माहीत? दोन्हीकडून आपणच मरतो. हे एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्म्या जाहिराती तुम्ही स्वतःच बाजूला काढाल.

व्हिडिओतली ती बाटली नेल ग्लूची होती. नेल ग्लू म्हणजे बहुतेक वेळा इथिल सायनोअ‍ॅक्रिलेट, दुकानात पाच-दहा रुपयाला मिळणारा इन्स्टंट ग्लू असतो त्याच जातीचा. तो ओलाव्याने कडक होतो, त्याला लाइट लागतच नाही, म्हणजे तो जांभळा लॅम्प निव्वळ समोरच्याला वाटावं म्हणून होता. आणि समजा खरंच कंपोझिट असतं तरी त्या लॅम्पने काम झालं नसतं. दाताच्या कंपोझिटला साधारण ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश लागतो, नेल लॅम्पचा असतो ३६५ ते ४०५ चा. अशाने कंपोझिट अर्धवट कच्चं राहतं, त्यातली रसायनं झिरपत राहतात, काहींना त्याची अ‍ॅलर्जीही होते. बहिणीने ग्लूबद्दल विचारलं होतं बरं का, तर उत्तर मिळालं, 'सर्जन लोग भी यही ग्लू यूज करते है'. हे वाक्य तुम्हालाही ऐकवतील म्हणून सांगते, जखम चिकटवायला डॉक्टर वापरतात तो ऑक्टिल किंवा ब्युटिल सायनोअ‍ॅक्रिलेट असतो, वैद्यकीय वापरासाठीच बनवलेला आणि कातडीवर वरून लावायचा. नखाच्या बाटलीतला ग्लू त्याचा भाऊबंद असला म्हणून तोंडात चालत नाही.

पुढे काय झालं तर पटाशीच्या बाजूच्या दातावरचा खडा हळदीच्या आधीच गायब, जेवताना बहुतेक पोटात गेला. पोटात गेलेला एवढासा खडा बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो, पण तोच श्वासनलिकेत गेला असता तर काय, या विचाराने आई आजही अस्वस्थ होते. (कुणाचा खडा निसटल्यावर खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर घरी वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.) सुळ्यावरचा मात्र राहिला. त्याच्याखालून ग्लू हिरडीपर्यंत ओघळला होता, तिथे खरखरीत थर झाला, त्यात अन्न अडकायचं, ब्रश लावला की रक्त. हिरडी लाल होऊन सुजली. थंड पाणी लागलं की सणक जायची. आणि खडा काळपट दिसायला लागला, कारण नखांच्या खड्यांना मागून चंदेरी फॉइल असतं, ते थुंकीत राहून काळं पडतं. ओरिजिनल बिरिजिनल काही नव्हतं ते. स्वारोव्स्की म्हणजे तरी हिरा नव्हे, ती ऑस्ट्रियातली १८९५ पासूनची कंपनी आहे आणि तो क्रिस्टल म्हणजे उत्तम प्रतीची काच, पण तेही इथे नाही. कुठल्यातरी साध्या काचेच्या खड्याचे २,२०० घेतले.

बहीण काढून घ्यायला परत स्टुडिओत गेली. तिथे आधी तिलाच ऐकवलं, 'डिअर, आपने हार्ड चीज खाया होगा, ये क्लायंट हँडलिंग का इश्यू है', मग काढायचे ८०० वेगळे. आणि काढायला काय घेतलं तर क्युटिकल पुशर. नखाची कातडी मागे सारायची ती लोखंडी पट्टी. खड्याच्या कडेत घालून वर उचकटायला गेली, पट्टी सटकली आणि सुळ्याच्या टोकाचा टवका उडाला. बहीण सांगते की कट् असा आवाज थेट कानात आला. त्यावर त्या मुलीने आरसा दिला आणि म्हणाली की फाइल करून शेप देते. नेल फाइलने, दाताला! बहीण तिथून उठली हे देवाची कृपा.

डॉक्टरांनी भिंगातून बघून खडा आणि ग्लूचा थर बारीक बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, हळूहळू काढला, पॉलिश केलं, खड्याभोवती पांढरट कडं उमटलं होतं, म्हणजे कीड लागायच्या आधीची पायरी, त्यावर फ्लोराइड वार्निश लावलं. टवका कंपोझिटने भरून दिला. नशीब, तो इनॅमलपुरताच होता, आतल्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत, गेला नव्हता. पण इनॅमल शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट असली तरी त्यात जिवंत पेशी नसतात, गेलं की परत तयार होत नाही. हाड जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल नाही. ते भरलेलं कंपोझिट आता आयुष्यभर सांभाळायचं, कधी निघालं की परत भरायचं, २१ वर्षांच्या मुलीच्या मागे हे लावून दिलं त्या लोकांनी. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं जे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, अवजारं ऑटोक्लेव्ह केली होती का? हिरडीतून रक्त येतं, तीच चिमटी आणि तोच पुशर आधी कुणाच्या नखाला, कुणाच्या तोंडाला लागलाय कोण जाणे. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. दवाखान्यात अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ किंवा १३४ डिग्रीला निर्जंतुक करतात. सॅनिटायझरचा फवारा मारणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे.

पैशांचं म्हणाल तर मेसेज केल्यावर ब्लॉक केलं. मग आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार टाकली. त्यावरून स्टुडिओने दुसऱ्या नंबरवरून फोन करून अर्धे पैसे देतो, व्हिडिओ डिलीट करा अशी ऑफर दिली, ती आम्ही घेतलेली नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्यामुळे एवढ्याशा रकमेसाठी कुठे जायचं म्हणून सोडून देऊ नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, यूपीआयचं स्टेटमेंट, आधीचे नंतरचे फोटो आणि डेंटिस्टकडून लेखी की काय आढळलं, एवढं जपून ठेवा. जाहिरात लगेच स्क्रीनशॉट करा, आमच्या केसमध्ये 'डेंटल ग्रेड' शब्द नंतर पेजवरून काढून टाकला.

कुणी म्हणेल मग खडा लावूच नये का. मी तसं म्हणत नाहीये, हौसेला मोल नसतं आणि या वयात हौस नाही करायची तर कधी. मुंबईत डेंटिस्टही हे करतात. पण डेंटिस्ट आहे म्हणजे नोंदणी आहे का ते विचारा, १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टपासून आपल्याकडे नोंदणीशिवाय दातांची प्रॅक्टिस करता येत नाही, महाराष्ट्रात ती राज्य दंत परिषदेकडे असते आणि नंबर विचारला तर खऱ्या डॉक्टरला राग येत नाही. आणि पहिल्याच भेटीत विचारा की काढणार कोण, कशाने, किती रुपयांत. ज्याला काढता येत नाही त्याला लावू देऊ नका. डेंटिस्टने लावला तरी त्याच्या कडेला प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठतोच, हिरडीपासून लांब लावून घ्यावा लागतो, ब्रश जास्त काळजीने करावा लागतो. हिरड्यांचा त्रास असेल, त्या दाताला कीड असेल, रात्री झोपेत दात खायची सवय असेल तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतील, ऐका त्यांचं. धातूचे डिझाइन घेणार असाल आणि खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते, ते आधी सांगा.

आणि ज्यांच्या दातावर असा ग्लूचा खडा आत्ता आहे त्यांनी कृपा करून तो घरी नेलकटरने, सेफ्टी पिनने उचकटू नका. अ‍ॅसिटोनने ग्लू विरघळतो असे व्हिडिओ फिरतायत, नेलपॉलिश रिमूव्हर तोंडात अजिबात घालू नका. जवळच्या डेंटिस्टकडे जा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, दोन्हीकडे ओपीडीत कमी पैशांत बघतात, फक्त सकाळी लवकर पोहोचा, केसपेपरची लाइन मोठी असते.