अंकी ॲप: निकालपत्रातले अवघड इंग्रजी शब्द आणि माझे दहा महिने

दहावीपर्यंत मराठी शाळा, कायद्याचं शिक्षण इंग्रजीत, आणि आता तालुका कोर्टात वकिली. साक्षीपुरावे मराठीत होतात, पण आधार म्हणून दाखवायचे निकाल उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे. तिथे माझं घोडं अडायचं. शब्दार्थांची 200 पानी वही भरली होती. वही उघडली की सगळं येतंय असं वाटे, कारण शब्द पानावरच्या जागेवरून ओळखू यायचा. निकाल वाचताना तोच शब्द आला की 'डाव्या पानावर तळाशी होता' एवढंच आठवायचं.

अंकी हे शब्द एकेका कार्डावर घालून पाठ करायचं ॲप. त्यात ही जागेची सोयच नाही, म्हणून ते मला लागू पडलं. जपानीत अंकी म्हणजे पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी हा प्रोग्राम 2006 मध्ये आणला. कार्डाची एक बाजू दिसते, अर्थ मनात आठवायचा, मग कार्ड उलटायचं आणि कितपत आठवलं त्याप्रमाणे अगेन, हार्ड, गुड, ईझी यांतलं एक बटण दाबायचं. चुकलेला शब्द थोड्याच वेळात पुन्हा दारात उभा. आलेला शब्द आधी दिवसाने, मग आठवड्याने, मग महिन्याने भेटतो. विसरायच्या बेतात असताना आठवावं लागतं, आणि तेच डोक्यात बसतं.

सुरुवातीला मी जीआरईच्या (परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेच्या) शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेतला होता. तीन आठवड्यांत काढून टाकला. एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात, आणि वाक्य कुठेच नाही. कार्डं स्वतःच करा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

माझं कार्ड असं असतं: पुढे निकालातलं अख्खं वाक्य, शब्द ठळक, मागे मराठी अर्थ. 'डिसइंटरेस्टेड विटनेस' म्हणजे खटल्यात रस नसलेला साक्षीदार, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. खरा अर्थ हितसंबंध नसलेला, म्हणजे निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी ज्याचं काही जात-येत नाही असा. नेमका ज्याच्यावर विसंबावं, तो! 'सँक्शन'ची दोन कार्डं केली, कारण एकदा तो मंजुरी असतो आणि एकदा निर्बंध. 'प्रिस्क्राइब' म्हणजे विहित करणे, 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणे. या जोडीने मला फार छळलं, शेवटी दोन्ही वाक्यं एकाच कार्डावर घातली. 'मिटिगेटिंग' मात्र बच्चन सिंग खटल्यामुळे (1980) एका फटक्यात बसला. फाशी द्यायची की जन्मठेप, हे ठरवताना गुन्ह्याची तीव्रता वाढवणाऱ्या परिस्थितीसमोर ती सौम्य करणारी परिस्थिती तोलायची. ते वाचल्यावर 'सौम्य करणारी' हा अर्थ वेगळा पाठ करावा लागला नाही. नेमका मराठी शब्द शोधायला कधी कधी अर्धा तास जातो. तो वाया गेला असं मला एकदाही वाटलेलं नाही.

देवनागरी व्यवस्थित दिसते, इंटरनेट नसलं तरी चालतं, जाहिराती नाहीत. अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड फुकट, संगणकावरही फुकट. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. दिसायला साधं आहे आणि सेटिंगची जंत्री मोठी आहे. त्यातलं पहिल्या दिवशी एकच बदला: रोजचे नवे शब्द. मुळात तो आकडा 20 असतो, मी 6 वर आणला. प्रत्येक नवा शब्द पुढच्या उजळण्या बरोबर घेऊन येतो. मामेबहिणीच्या लग्नात आठ दिवस ॲप उघडलं नाही, तर परत आल्यावर 300 च्या वर कार्डं साचली होती. ती संपवायला चार सकाळी गेल्या. आता सुट्टीवर जायच्या आठवडाभर आधीच नवे शब्द शून्यावर आणून ठेवते.