प्रोस्टेटसाठीची वनस्पतिजन्य कॅप्सूल : तीन महिन्यांच्या वापरानंतर

माझा प्रोस्टेटचा कर्करोग संथ वाढणाऱ्या प्रकारातला असल्यामुळे तूर्त शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे एक प्रथिन) तपासून लक्ष ठेवावे, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. नुसते बसून राहणे जिवावर येते. त्या अस्वस्थतेपोटीच मी हळद, टोमॅटो, हिरवा चहा आणि मिरी यांचे अर्क असलेली ही कॅप्सूल मागवली.

वेष्टन चांगले आहे, सील शाबूत होते आणि गिळायलाही त्रास नाही. एक कॅप्सूल उघडून पाहिली, तेव्हा बोटांवरचा पिवळा डाग दिवसभर गेला नाही, म्हणजे हळद नक्की आहे. किती आहे, हे मात्र कळायला मार्ग नाही, कारण लेबलवर ‘वनस्पती-मिश्रण १,२०० मिलिग्रॅम’ एवढेच छापले आहे.

मी कॅप्सूलचे दोन गुण इथेच कापले. हळदीतला करक्यूमिन हा घटक प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखतो हे खरे असले, तरी पोटात घेतलेल्या करक्यूमिनचा फारच थोडा अंश रक्तापर्यंत पोहोचतो, आणि म्हणूनच उत्पादकाने मिरीतले पिपरिन घातले आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २ ग्रॅम करक्यूमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर करक्यूमिनची रक्तातली उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले गेले. परंतु पिपरिन यकृतातल्या ज्या विकरांना (एन्झाइम्सना) आवर घालते, त्यांतलेच एक डोसिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधासारख्या औषधांचा निचरा करत असते. याबद्दल लेबलवर अवाक्षर नाही. गंमत म्हणजे डोसिटॅक्सेलसुद्धा वनस्पतीचेच देणे आहे. यू वृक्षाच्या पानांतल्या घटकापासून ते तयार होते, आणि प्रगत प्रोस्टेट कर्करोगात त्याने रुग्णांचे आयुष्य वाढते, हे २००४ साली दोन मोठ्या चाचण्यांतून दिसले. फरक इतकाच, की ते देताना शरीराच्या आकारमानानुसार मिलिग्रॅमचा हिशेब होतो आणि रक्ताच्या तपासण्या चुकत नाहीत.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शिक्क्यावरही मी विसंबणार नाही. पीसी-स्पेस नावाच्या आठ वनौषधींच्या मिश्रणाने पीएसए खरोखरच उतरत असे. पुढे त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन सापडले, आणि २००२ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले.

माझे पीएसए जिथे होते तिथेच आहे, अर्थात एवढ्या काळात ते कॅप्सूलविनाही तसेच राहिले असते. तिसऱ्या महिन्यात मात्र यकृताच्या चाचणीतले आकडे थोडे वाढलेले निघाले. हिरव्या चहाच्या अर्कातील ईजीसीजी हा मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेल्यास असे होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी प्रमाण विचारले. मला सांगता येईना. कॅप्सूल बंद केल्यावर आकडे पूर्ववत झाले, तरी दोष तिचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उत्पादकाला पत्र लिहून प्रत्येक अर्काचे प्रमाण मागितले, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले : सूत्र गोपनीय आहे, आणि पुढच्या खरेदीवर सवलत मिळेल.