वरळी बीडीडीचा नवा टॉवर: घर उत्तम, खरी परीक्षा दाराबाहेर

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या पहिल्या पुनर्वसन इमारतीच्या डी आणि ई विंगमधल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. भूमिपूजन झालं होतं एप्रिल २०१७ मध्ये. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं, मालकी हक्काचं टू-बीएचके, तेही चाळिशीच्या मजल्यांपर्यंत जाणाऱ्या टॉवरमध्ये. तेव्हापासून या घरांबद्दल खूप बोललं जातंय. कुणी टाइल्स, ओटा, खिडकीतून दिसणारी मुंबई दाखवतं, कुणी चाळीतला शेजार गेला म्हणून हळहळतं. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. पण लिफ्ट, पाण्याचा दाब, जिने, डक्ट (पाइप आणि केबल वर नेणारी उभी पोकळी) यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि पुढची पन्नास वर्षं सुखाची जाणार की त्रासाची, हे ठरणार आहे तिथेच.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. या विषयावर लिहिताना बरेच जण गिरगावातल्या लाकडी गॅलरीच्या चाळीचे फोटो लावतात. बीडीडी चाळ तशी नव्हतीच. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. काँक्रीटची, तळ अधिक तीन मजल्यांची इमारत, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. त्या पॅसेजमध्ये उजेड यायचा तो टोकांकडून, आणि संडास सगळ्या मजल्याला सामाईक. रात्री दोन वाजता पोटात दुखणाऱ्या मुलीला घेऊन बाहेर जाणारी आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, अंथरुणाला खिळलेली सासू, यांच्यासाठी घराच्या आत संडास-बाथरूम असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मोजायला कुठलंही माप पुरणार नाही. या बदलाचं कौतुक मनापासून करायला हवं, आणि ते पण-परंतु न लावता.

घराच्या आतलं फिनिशिंग डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यावर जास्त वेळ घालवत नाही. ताबा घेताना न दिसणाऱ्या तीन गोष्टी मात्र जरूर तपासा. एक, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. फरशीवरच्या जाळीचं तोंड पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि किमान २४ तास, जमलं तर ४८ तास राहू द्या. दुसऱ्या दिवशी खालच्या घरात जाऊन बाथरूमचं छत आणि पाइप स्लॅबमधून जिथे बाहेर येतो ती कड पाहा. गळती बहुतेक वेळा मधल्या फरशीतून होत नाही, या कडेतून होते. ताब्यानंतर लगेच टाइल्स बदलायची हौस इथेच महागात पडते. छिन्नी लागली की खालचा थर फुटतो, आणि मग गळतीची जबाबदारी कंत्राटदार अंगाला लावून घेत नाही.

दुसरी गोष्ट खिडकी. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. बांधकामाच्या वेळी ती सिमेंटने बुजतात. पट्टीत तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूला गेलं पाहिजे. तुंबून आत सांडलं, तर जूनमध्ये समुद्रावरून आडवा पाऊस आल्यावर हॉलमध्ये पाणी होणार हे नक्की. सुई किंवा बारीक तार घालून भोकं मोकळी करा आणि तक्रार लेखी नोंदवा.

तिसरी गोष्ट भिंत. इतक्या उंच इमारतीत काँक्रीटच्या भिंती नुसता आडोसा नसतात, त्या वजन आणि वाऱ्याचा जोर पेलतात. बोटाच्या पेराने ठोकून पाहा: ठोकळ्याची भिंत पोकळ वाजते, काँक्रीटची बद्द. बद्द वाजणाऱ्या भिंतीत वायरसाठी खाच पाडायची नाही, तिला दार पाडायचं नाही. वायरिंग वाढवायची असेल तर वरून केसिंग-पट्टी लावा, दिसायला थोडी वाईट दिसली तरी चालेल.

आता दाराबाहेर. दोन विंगमध्ये ५५६, म्हणजे एका विंगमध्ये सरासरी २७८ घरं. ऐंशी बिऱ्हाडांच्या जवळपास साडेतीन चाळी एकमेकींच्या डोक्यावर उभ्या केल्यासारखं हे आहे. चाळीत तीन मजले चढायला माणसाचे पाय पुरायचे. इथे सगळ्यांचे पाय म्हणजे लिफ्ट.

हिशेब करून पाहा. घरात साडेचार माणसं धरली, तर विंगमध्ये साधारण १,२५० जण. निवासी इमारतीत गर्दीच्या वेळी पाच मिनिटांत सात-साडेसात टक्के लोक हलवता यावेत असा ढोबळ नियम आहे, म्हणजे नव्वदेक माणसं. तेरा माणसांची लिफ्ट, म्हणजे पाटीवर ८८४ किलो लिहिलेली, प्रत्यक्षात दहा जणांनीच भरते. आठ-दहा मजल्यांवर थांबत वर जाऊन परत यायला तिला अडीच-तीन मिनिटं लागतात. म्हणजे एक लिफ्ट पाच मिनिटांत वीसेक माणसं नेते. एक लिफ्ट बंद पडली की सकाळी साडेआठला, शाळेला आणि ऑफिसला सगळे एकदम निघतात त्या वेळी, मजल्यामजल्यावर रांग लागते. त्यामुळे विंगमध्ये लिफ्ट किती आहेत यापेक्षा एका वेळी किती चालू आहेत, याची रोजची नोंद ठेवणं महत्त्वाचं.

लिफ्ट बहुतेक वेळा दारामुळे बंद पडते. मोटर बिघडण्याचं प्रमाण त्यामानाने कमी. दार ज्या खाचेत सरकतं ती खाच प्रत्येक मजल्यावर आहे. सामान हलवण्याच्या पहिल्या वर्षभरात तिच्यात रेती, टाइल्सचे तुकडे, तांदळाचे दाणे, पूजेचं कुंकू, काय काय जाऊन बसतं. दार पूर्ण मिटत नाही, सेन्सरला अडथळा वाटतो, लिफ्ट तिथेच उभी राहते. त्यात कुणी कपाट नेताना दार उघडं राहावं म्हणून गोणी अडकवलेली असते, आणि दाराचा पत्रा वाकतो. उपाय स्वस्त आहे. दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्यूमने प्रत्येक मजल्याची खाच साफ करायची, आणि सामानासाठी एकच लिफ्ट, तीही ठरलेल्या वेळेत, आतून प्लाय लावून. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का, हे लिफ्टवाल्यासमोर मेन स्विच पाडून महिन्यातून एकदा तपासा. स्ट्रेचरच्या लिफ्टची आतली लांबी टेपने मोजा. दोन मीटरचं स्ट्रेचर आडवं, न वाकवता आत गेलं पाहिजे. मयताच्या वेळीही हीच लिफ्ट लागते, आणि त्या दिवशी मोजायला कुणी जात नाही.

पाण्याची तऱ्हा वेगळी. दहा मीटर उंचीला एक किलो दाब. चाळीस मजले म्हणजे साधारण १२० मीटर, म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं पाणी सरळ खाली सोडलं तर तळाच्या नळाला बारा किलोचा दाब येईल. घरातल्या नळाला दोन-तीन किलो पुरतो. म्हणून अशा इमारतीत पाण्यासाठी मजल्यांचे गट, म्हणजे पट्टे, पाडतात आणि दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवतात. त्यांच्या गाळणीत पहिल्या काही महिन्यांत पाइपातली कच अडकते आणि व्हॉल्व्ह नीट बंद होईनासा होतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: दिवसा सगळं ठीक, पण मध्यरात्री, जेव्हा कुणी नळ उघडत नाही, तेव्हा फ्लशच्या टाकीतून सूं-सूं आवाज येतो आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळू लागतात. गीझर खराब झाला असं समजून लोक तो व्हॉल्व्हच बंद करून टाकतात. ते अजिबात करू नका. हा इशारा आहे. आपल्या पट्ट्यातल्या पीआरव्हीची गाळणी काढून धुवायला सांगा, नाहीतर एखाद्या रात्री वॉश बेसिनखालची नळी फुटेल आणि पाणी खालच्या चार घरांत जाईल. अगदी वरच्या दोन-तीन मजल्यांची अडचण उलटी. टाकी फार जवळ असल्याने दाबच नसतो. तिथे बूस्टर पंप लागतो, आणि तो बंद असेल तर शॉवर नुसता ठिबकतो.

चाळीतून आलेल्या घरात पाण्याचं पिंप असतंच. सवय शंभर वर्षांची आहे, ती एका दिवसात जाणार नाही, आणि जायची गरजही नाही. पण राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. २०० लिटरचं भरलेलं पिंप एवढ्याशा जागेत २०० किलो देतं. एक चालतं. तीन-चार ओळीने ठेवू नका, आणि लोखंडी माळ्यावर ५०० लिटरची टाकी तर मुळीच नको.

आगीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मुंबई अग्निशमन दलाच्या सगळ्यात उंच शिडीची पोहोच ९० मीटरच्या आसपास आहे. त्याच्या वर राहणाऱ्यांची सुटका जिन्यावर आणि रेफ्यूज मजल्यावर, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला मोकळ्या ठेवलेल्या जागेवर, अवलंबून आहे. चाळीत पॅसेज म्हणजे घराचाच भाग होता: सायकल, चपलांचं कपाट, वाळवणाची खाट, सगळं तिथे. इथला पॅसेज धूर आल्यावर पळायची वाट आहे. जिन्याचं फायर दार आपोआप मिटलंच पाहिजे. हवा यावी म्हणून त्याला विटेचा अडसर लावला, तर खालच्या आगीचा धूर धुराड्यासारखा जिन्यात चढतो. विजेच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर केबलभोवतीची फट अग्निरोधक मालाने भरलेली असते. इंटरनेटवाला नवी वायर टाकताना ती फोडतो आणि तशीच सोडून जातो. त्याच्याकडून ती बुजवून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. ते येतंय का ते विचारा, आणि त्या दिवशी होज खरोखर उघडून पाणी आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

खिडकीबाहेर काढलेल्या पिंजऱ्याच्या ग्रिल नकोत. लहान मुलांसाठी आतून ग्रिल लावा, त्यात उघडणारा भाग ठेवा आणि किल्ली तिथेच खिळ्याला अडकवा. बाहेरचं लोखंड खाऱ्या हवेत काही वर्षांत गंजतं, आणि तीसाव्या मजल्यावरून सुटलेला तुकडा खाली कुणावर पडेल हे सांगता येत नाही.

या आराखड्यावरची सगळ्यात गंभीर टीका घनतेची आहे. दिवंगत नगररचनातज्ज्ञ शिरीष पटेल यांनी याच मुद्द्यावर प्रकल्पाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. पाचशे फुटांचं घर आणि टॉवरांमधलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली चांगली म्हणून दुसरीकडे डोळेझाक करणं बरोबर नाही. मुंबईत २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास असतो. १२० मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे ११० मीटर पडते. शेजारच्या टॉवरच्या उत्तरेला, त्याच्याजवळ आणि खालच्या मजल्यांवर असलेल्या घराला हिवाळ्यात थेट ऊन मिळणार नाही. घर सोडतीने मिळतं, निवडता येत नाही. म्हणून अशा घरात बाथरूमचा एक्झॉस्ट रोज चालवा, कपडे आत वाळवू नका, कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. चार बोटं जागा ठेवली की मागे बुरशी धरत नाही.

आणि पैसे. पहिली बारा वर्षं देखभाल कंत्राटातच धरली आहे, त्यामुळे आज महिन्याचा खर्च जाणवत नाही. तेराव्या वर्षी लिफ्टचे दोर, पंप, बाहेरचा रंग हे सगळं एकदम समोर येईल, आणि १२० मीटर उंच भिंतीला रंग द्यायचा तर झुला बांधण्याचंच भाडं डोळे फिरवणारं असतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. समजा घराचा बांधकाम खर्च वीस लाख धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला वीस हजार, महिन्याला १,६६७ रुपये. आज निदान सातशे-आठशे रुपये भरायला सुरुवात केली तरी तेराव्या वर्षीचा भार बराच हलका होईल. हा निधी ठरवायला सोसायटीची बैठक घ्याल, तेव्हाच कंत्राटदाराकडून लेखी मागा: प्रत्यक्ष बांधलेल्या इमारतीचे नकाशे, पीआरव्ही कुठल्या मजल्यावर कुठे आहेत त्याचा तक्ता, लिफ्ट आणि पंपांची हमीपत्रं, वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची आणि कुणाच्या नावावर. दोन प्रती काढा. एक सोसायटीच्या कपाटात, दुसरी पंप रूममध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वॉचमनला सापडेल अशा जागी.