योगवर्ग लावू का पिलाटेस? देवळीकडच्या नणंदेसाठी केलेली तुलना

"वहिनी, योगा लावू का ते पिलाटेस?" नणंदेचा फोन. वय अडतीस, देवळी तालुक्यात अडीच एकर पऱ्हाटी, निंदणापासून वेचणीपर्यंत सगळं स्वतः. कंबर धरते म्हणून डॉक्टरला दाखवलं, तर हाडात दोष नाही, व्यायाम करा एवढंच सांगितलं. मग तिनं मोबाइलवर स्प्रिंगच्या पलंगावर पाय ताणणाऱ्या बाया पाहिल्या आणि डोक्यात घोळ झाला. मी दोन्हीकडे पैसे घालवले आहेत, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे लिहिते.

आधी गावातला सकाळचा वर्ग. समाजमंदिरात किंवा मारुतीच्या पारावर, साडेपाचला, फुकट. घरची सतरंजी न्यायची. बहुतेक ठिकाणी २१ जूनच्या योग दिनासाठी आयुष मंत्रालयाने ठरवलेला क्रमच वर्षभर चालतो: मान-खांदे मोकळे करणं, ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, पुढे भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन, शेवटी कपालभाती, प्राणायाम, ध्यान. पाऊण तासात आटोपतं, आठला वावरात पोचता येतं. खोट एकच, पण मोठी: समोर चाळीस जण आणि शिकवणारा एक. तुमचा गुडघा कुठे वळला हे त्याला दिसत नाही. कपालभाती तर सगळ्यांकडून सरसकट करून घेतात. बीपी जास्त असेल, हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर त्या वेळी हात मांडीवर ठेवून शांत बसायचं. लाजायचं नाही.

दुसरा पर्याय तालुक्याच्या किंवा वर्ध्याच्या फीवाल्या योगवर्गाचा. इथे माणसं कमी असली तरच फीला अर्थ. मी एका वर्गात तीन महिने होते. तिथल्या बाईंनी आठव्याच दिवशी हलासनात माझे पाय मागे दाबले आणि पंधरा दिवस मान वळत नव्हती. भिंतीवर प्रमाणपत्र होतं, मी वाचलं नव्हतं. आता वाचते. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षांना पायऱ्या आहेत. 'योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर' ही सुरुवातीची पायरी, म्हणजे वर सांगितलेला क्रम नीट करून घेता येतो एवढंच. दुखण्यावर योग सांगणं हे पुढचं काम. नागपूरला रोज जाणं-येणं असेल, तर रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहेच. तिथे फी न घेता शिकवायची जुनी रीत आहे आणि शिस्तही कडक.

आता पिलाटेस. जोसेफ पिलाटेस नावाचा जर्मन माणूस, जन्म १८८३चा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं, तिथे त्याने जमिनीवरचे व्यायाम पक्के केले. पुढे न्यूयॉर्कला गेला, नाचणारी मंडळी दुखापती घेऊन त्याच्याकडे यायला लागली. तो स्वतः याला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, आणि ते नाव जास्त खरं आहे. वीस वेळा जोरात करण्यापेक्षा सहा वेळा सावकाश, श्वास सांभाळून, पोटाचा आतला पट्टा, म्हणजे खोलवरचे स्नायू, आवळून धरून करायचं.

आपल्याकडे पाटीवर पिलाटेस दिसलं म्हणजे बहुतेक वेळा मॅटवरचे व्यायाम, त्यात थोडं एरोबिक्स मिसळलेलं. स्प्रिंगवाल्या सरकत्या पलंगाला रिफॉर्मर म्हणतात. किंमत लाखांच्या घरात, त्यामुळे त्यासाठी नागपूरच गाठावं लागतं. तिथल्या दोन-तीन तासांच्या पैशात तालुक्याच्या योगवर्गाचा महिना निघतो. वर जाण्या-येण्यात दिवस मोडतो, एसटीत बायांना अर्धं तिकीट असलं तरी. रिफॉर्मरवर एक गंमत कळली: स्प्रिंग हलकी केली की काही व्यायाम उलट अवघड होतात, कारण आधार सुटतो आणि सगळा भार पोटावर येतो. हे समजावून सांगणारा माणूस असेल तरच तो पलंग कामाचा, नाहीतर महागडा झोपाळा. आणि पिलाटेसची प्रमाणपत्रं खासगी संस्थांची असतात, मॅटचं वेगळं, यंत्रांचं वेगळं. कोणतं आहे ते विचारावं.

पण माझ्या मते खरी निवड या नावांवरून होतच नाही. वेचणी, निंदण, सरी ओढणं, सगळं पुढे वाकून. दिवसभर वाकलेल्या कंबरेला संध्याकाळी पुन्हा पश्चिमोत्तानासन, म्हणजे बसून पुढे वाकणं, घालायचं, हे मला पटत नाही. आणि पिलाटेसही यात सुटत नाही. त्याचा मूळ मॅटचा क्रम पाठ गोल करणाऱ्या व्यायामांनीच सुरू होतो. साठीपुढच्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईने तर दोन्हीकडचं हे पुढे वाकणं टाळावं, मणका दबू शकतो. वाकून काम करणारीला हवं भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन, आणि पोट धरून ठेवायची सवय. पहिल्या तीन गोष्टी पारावर फुकट मिळतात. चौथी पिलाटेसवाले जास्त चांगली शिकवतात, हे कबूल करावं लागेल.

म्हणून वर्गात पाय ठेवल्यावर एकच विचारा: "मी दिवसभर वाकून काम करते, माझ्यासाठी काय बदलाल?" उत्तर न देता "सगळं करा, सगळं चांगलं" म्हणाले, तर चप्पल घाला. घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तेही सांगा. दम लागेपर्यंत ताणायचं नाही आणि पाण्याची बाटली जवळ हवीच. मे महिन्यात टिनाच्या शेडमधला संध्याकाळचा वर्ग तर कोणीच लावू नये, मग तो योगाचा असो की कशाचा.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात: आसनं येत असतील तर ठीक. नवख्या माणसाने नको, तिकडून तुमची कंबर कोणालाच दिसत नाही. आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल ते सांगता येत नाही.

नणंदेला मी सांगितलं, गावचा वर्ग रोज, आणि वर्ध्याला मॅटवाल्या बाईंकडे महिनाभर आठवड्यातून एकदा, पोट कसं धरायचं ते शिकण्यापुरतं. नागपूरचा पलंग सध्या राहू दे. वेचणी संपल्यावर सुरू करते म्हणाली. मी म्हटलं, वेचणीतच कर, तेव्हाच कंबर दुखते. यावर तिचा खरा प्रश्न बाहेर आला: साडीत जमेल का? पारावर बसून करायच्या आसनांना जमतं, पाय वर करायचे असतील तर पंजाबी ड्रेस लागतो. तिची सासू मात्र नऊवारीचा काष्टा मारून पहिल्याच दिवशी पुढच्या ओळीत बसली, असा परवा निरोप आला.